राबाशेजारचं बिऱ्हाड

लांडग्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. घरातल्या पोरांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून ती गोष्ट रचताना मुद्दाम लांडग्याला लबाड करतात, आणि मी हातातलं निवडण बाजूला टाकून वाद घालायला बसते. ‘तुझा काय तो माहेरचा लागतो का गं?’ असं नातीनं एकदा विचारलं. माहेरचा नव्हे, पण शेजारी होता. एक अख्खा हंगाम तो आणि आम्ही एकाच शेतात बिऱ्हाड करून राहिलो, आणि त्याच्याइतका नेक शेजारी मला कल्याणच्या आमच्या आळीतही भेटला नाही.

प्लेग पहिल्यांदा कल्याणात शिरला त्या थंडीतली ही हकीकत. घरात उंदीर मरून पडले की लोक भांडीकुंडी बांधून गावाबाहेर पळत. आमच्या आळीत पहिला उंदीर पडला, तसे मामंजी उठले आणि दिवस मावळायच्या आत आम्हांला ठाकुर्लीच्या शेतावर घेऊन आले. मामंजी म्हणजे माझे सासरे. शेत आमचं, पण कसणारं कूळ तिथल्याच आगरी घरातलं. त्या भल्या माणसानं आमच्यासाठी पेंढ्यानं शाकारलेली एक झोपडी उभी करून ठेवली होती. आम्ही माणसं चारच: मामंजी, मी, माझं मांडीवरचं बाळ आणि आमचे हे. हे कल्याण स्टेशनात मालाच्या कचेरीत कारकून होते. सकाळी रुळाच्या कडेनं चालत जायचे आणि संध्याकाळी तसेच चालत यायचे.

मामंजींची सगळी नोकरी मोजणी खात्यात, देशावर तंबू ठोकून गेलेली. उंच, ताठ, आणि बोलणं असं की एक शब्द जास्त गेला तर जणू घरचं काही कमी होईल. सोवळं कडक. त्यातही उष्ट्याचं भारी वावडं. पाण्याच्या भांड्याला कुणाचा ओठ लागलेला दिसला, तर ते भांडं राखेनं घासून विस्तवावर धरल्याशिवाय आत येत नसे. सासूबाईंना मी पाहिलंच नाही. हे तान्हे असताना देशावरच्या एका मुक्कामी त्या पटकीनं गेल्या. मामंजींनी पुन्हा लग्न केलं नाही. ह्यांना आत्यानं लहानाचं मोठं केलं, असं घरात सगळे सांगत, आणि हेही तसंच सांगत.

आमच्या बाळाचं उष्टावण नुकतंच झालं होतं. मऊ भात आपल्या तोंडात चावून बाळाला भरवायचा, ही माझ्या आईची रीत, तीच माझी. झोपडीत आडोसा तो केवढा, मध्ये कुडाची एक भिंत. मी भाताचा घास तोंडात घेतला की मामंजी उठून बाहेर जायचे. पाणी पितानासुद्धा अर्ध्यात भांडं ठेवून जायचे. उष्ट्याची किळस येते, दुसरं काय, असं मी धरून चालले. मग मी पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून बाळाला भरवू लागले. तरी ते जायचेच.

आता राबाचं सांगते. आमच्या बाजूला भाताचं बी जिथे पेरायचं त्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांचे टहाळे आणि गवत यांचे थर रचून ठेवतात आणि होळीनंतर केव्हातरी ते पेटवतात. त्याला राब म्हणायचं. राब भाजला नाही तर रोप धड येत नाही आणि रोप नाही तर भात नाही. जंगलखात्यानं टहाळ तोडायला आडकाठी केल्यापासून तर माणसं राबाची काटकी न् काटकी जपत होती. आमच्या झोपडीसमोर भाताची दोन खाचरं सोडून असा राब रचून तयार होता, आणि त्याच्या पलीकडे मातीचा एक जुना उंच बांध. त्या बांधाच्या पोटात लांडग्यांनी घर केलं होतं.

आमच्या भागात लांडगा तसा नसतोच. कोल्हे हवे तेवढे, तरस क्वचित. पण भात कापून झालं की देशावरचे धनगर माळशेज घाट उतरून येत आणि मेंढ्यांचे कळप आमच्या शेतांत बसवत, तेवढंच शेताला खत. त्या कळपांमागून ही जोडी आली असावी. प्लेगचं नाव कानावर पडताच धनगर पौषातच कळप हाकत माघारी गेले. जोडी मात्र जाऊ शकली नाही, कारण मादी बिळात विऊन पडली होती.

हे सगळं मामंजींनी ठशांवरून ओळखलं. ओल्या मातीत उमटलेला माग त्यांनी काठी आडवी धरून पाहिला आणि म्हणाले, “लांडगा. मागचा पाय पुढच्याच ठशात टाकतो. कुत्रं असं सरळ चालत नाही, इकडेतिकडे हुंगत भटकतं. ह्याला कुठे जायचंय ते ठाऊक असतं.” एवढं लांब बोलणं मी त्यांच्या तोंडून त्या वर्षात पहिल्यांदाच ऐकलं.

मोजणीच्या दिवसांतली एक पितळी दुर्बीण त्यांच्याजवळ होती. झोपडीबाहेर बाजेवर बसून ते तिच्यातून बांधाकडे पाहत. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी हळूच ती उचलायची. दोनचार दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की आडवं होण्याआधी ते ती माझ्या हाताशी येईल अशी ठेवतात. बोलले काहीच नाहीत. आमच्या घरात माया अशीच, न बोलता इकडची तिकडे व्हायची.

लांडगा मला आधी दिसायचाच नाही. वाळल्या गवताच्याच रंगाचा तो. नुसतं गवत बघत बसायचं आणि मग त्यातलाच एक भाग उठून चालू लागायचा. अंगानं सडपातळ, पाय लांब, छाती अरुंद, डोळे पिवळे. धावायचा नाही, एका लयीत दुडकत जायचा, आणि तसाच मैलोगणती जात असणार, कारण सकाळी खाडीच्या बाजूला गेलेला कधी कधी उन्हं कलताना पार दुसऱ्या अंगानं परत यायचा. मेंढ्या गेल्या होत्या, म्हणून शेतातले उंदीर, ससे, मिळेल ते धरायचा. एकदा तर बोरीखाली पडलेली बोरं खाताना मी त्याला पाहिलं, आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं. एवढा मोठा शिकारी, पण बोरं खाण्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता.

त्या सुरुवातीच्या दिवसांत मादी बिळातून फारशी निघायचीच नाही. पिलं आंधळी आणि उघड्यावर नेता न येणारी, त्यांना अंगाची ऊब लागायची. सगळं आणायचं ते ह्यानं. तोंडात ससा धरून तो बिळाच्या तोंडाशी यायचा, ठेवायचा आणि दोन पावलं मागे सरायचा. ती बाहेर येऊन खायची. ती खात असताना हा दुसरीकडे मान करून राखण करत बसायचा. त्याच वेळी रुळाच्या कडेनं आमचे हे येताना दिसायचे. घरी आणायला घेतलेल्या शेंगा वाटेतच सोलत सोलत यायचे आणि झोपडीशी पोचेपर्यंत रुमालात नुसती टरफलं उरायची. “बघा, बघा,” मी म्हणायचे, “समोरच्या बिऱ्हाडातला कर्ता पुरुष बघा जरा.” हे हसायचे आणि उरलेली एखादी शेंग माझ्या हातावर ठेवायचे.

पुढे पिलं बाहेर पडू लागली. चार होती. काळपट तपकिरी, बोथट नाकाची, कान अजून पडलेले. लांडग्याची आहेत असं कुणी सांगितल्याशिवाय ओळखू येऊ नयेत अशी. दिवसभर एकमेकांच्या अंगावर पडायची, शेपट्या ओढायची, आणि थकली की जिथे असतील तिथे ढीग करून झोपायची. आईबाप फिरतीला निघायच्या आधी सगळी एकत्र यायची, नाकाला नाक लावायची, शेपट्या हलवायची, आणि मग निघायची ती निघायची. आमच्या घरात कुणी बाहेर जाताना इतकं प्रेमानं कुणाला निरोप देत नसे.

मामंजींचा एक जोडा त्याच सुमारास हरवला. चांगला कातडी जोडा, बाजेखाली काढून ठेवलेला. सगळ्यांवर संशय घेऊन झाला, कुळाच्या कुत्र्यावर घेऊन झाला. मग एके दिवशी दुर्बीण डोळ्याला लावलेली असताना ते एकदम ओरडले, “अगं, माझा जोडा!” चारही पिलं त्या जोड्याला चार दिशांनी ओढत होती. आणि मामंजी हसले. आवाज करून हसले. मी त्या घरात आल्यापासून ते मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला इतका आनंद झाला की मी बाळाला उगाचच पोटाशी धरलं.

मग फाल्गुन लागला आणि एका संध्याकाळी हे घरी आले ते शेंगा न खाता. “मालगाडीखाली लांडगीण सापडली,” म्हणाले. “रुळाशी पडलीय. दुधाची होती.” मी चुलीपुढे बसून रडले. जनावरासाठी काय रडायचं असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला बोल लावला असता. मामंजींनी त्या दिवशी ताट तसंच सरकवलं. बाहेर तिन्हीसांज होत होती, आणि बांधावरून त्याची हाक ऐकू आली. कोल्हेकुईसारखी चिरकी नाही. लांब, खालून वर चढत जाणारी आणि वरच थांबणारी. तो थांबायचा, जवाबाची वाट बघायचा, पुन्हा द्यायचा.

मला वाटलं, आता पिलं गेली. दूध तुटलेलं, आई नाही, आणि एकटा बाप शिकारीला जाणार की राखण करणार? लांडग्यांच्या मोठ्या कुटुंबात म्हणे आधीच्या वर्षीची मुलं हाताशी असतात. ह्याच्यामागे कुणीच नव्हतं. पण त्यानं ते दोन्ही करायचं ठरवलं. जाताना तो पिलांना बिळात घालायचा, आणि तो गेला की चौघंही आत मुकाट बसून राहायची. बाहेर एक नाक दिसेल तर शपथ. आला की बिळाशी उभा राहून घशातल्या घशात बारीक आवाज काढायचा, आणि मग जी काय धांदल उडायची! तो दिवसेंदिवस वाळत चालला होता. बरगड्या दुर्बिणीशिवाय दिसू लागल्या. पिलं मात्र गुबगुबीत.

आणि ह्याच वेळी ते संकट आलं.

आमच्या कुळाची बायको शेण गोळा करायला त्या अंगाला गेली होती. ती टोपली तिथेच टाकून धावत आली. “बाय, त्यो जनावर पिसालला! पोराला घरान घे!” तिला धाप लागली होती. “माझ्या डोल्यांनी बगला. भडाभडा उलटी केली त्यानं, आन ती पोरा ती उलटी खातान!”

तिचं घाबरणं उगाच नव्हतं. तिच्या दिराला थोड्या वर्षांपूर्वी पिसाळलेला कोल्हा चावला होता. पाण्याचा पेला पाहून तो कसा किंचाळायचा ते साऱ्या गावानं पाहिलं होतं. लांडगा त्या लोकांच्या परिचयाचा नाही, पिसाळलेलं जनावर मात्र चांगलंच परिचयाचं. जे जनावर दिवसाढवळ्या फिरतं, वाळत जातं आणि ओकतं, ते पिसाळलेलंच, यात त्यांना शंका नव्हती. मलाही नव्हती. बाळ आता रांगायला लागलं होतं आणि झोपडीला दार म्हणून नुसता काटक्यांचा ताटवा. मी बाळाला आत घेतलं, ताटव्याला दोरी बांधली आणि दिवसभर बाहेर पडले नाही.

दुसऱ्या दिवशी बाळाला भूक लागली. भाताचा घास तोंडात चावत मी ताटव्याच्या फटीतून दुर्बीण लावली, तो आला की नाही ते पाहायला. आला. आधी डबक्यापाशी थांबला आणि पोटभर पाणी प्यायला. पिसाळलेलं जनावर पाणी पीत नाही एवढं मलाही कळत होतं. मग बिळाशी येऊन त्यानं तो बारीक आवाज काढला. चौघं बाहेर पडली आणि त्याच्या तोंडावर नाकं मारू लागली, त्याचे ओठ चाटू लागली, मागू लागली. त्यानं मान खाली घातली, पाठ आकसली, आणि पोटात घालून आणलेलं मांस त्यांच्यापुढे काढून ठेवलं. सगळं. पिलं तुटून पडली. तो बाजूला उभा राहिला, आणि त्यांचं संपल्यावर मातीला लागलेलं तेवढं चाटून घेतलं.

तोंडात जे धरून नेता आलं असतं ते वाटेत कुत्र्यांनी, घारींनी हिसकावलं असतं. पिलांना ते चावताही आलं नसतं. म्हणून तो ते पोटात आणत होता, मऊ करून, ऊन ऊन. मी दुर्बीण खाली घेतली. बाळासाठी चावलेला भात माझ्या तोंडात तसाच होता.

मी मामंजींना सगळं सांगितलं. त्यांनी दुर्बीण घेतली आणि संध्याकाळपर्यंत बाजेवरून हलले नाहीत. त्या दिवसाच्या दुसऱ्या फेरीला त्यांनीही ते पाहिलं. दुर्बीण माझ्या हाती देऊन ते खाचरांच्या बांधावरून दूर चालत गेले. मला वाईट वाटलं. मामंजींनाही उलटीच दिसली, असं मी समजले.

होळी झाली आणि गावातले पुरुष मामंजींकडे आले. बेत सोपा होता. खाडीवरून वारा बांधाकडेच वाहतो. राब पेटवला की धूर बिळात जाणार. लांडगा आला की पोरांसाठी आत झेपावेल, तेव्हा त्याला काठ्यांनी घ्यायचा. पिलांचं धूरच बघून घेईल. राब तसाही पेटवायचाच होता. पण राब आमचा होता, म्हणून मामंजींचा शब्द हवा होता. “उद्या संध्याकाळी या,” ते म्हणाले.

मी ह्यांच्या मागे लागले. “तुम्ही तरी सांगा त्यांना. तो पिसाळलेला नाही हो.”

“तू काय जनावरांची वैद्य आहेस?” हे वैतागले. “आपलं बाळ रांगतंय इथे. उद्या काही झालं तर? आणि बाबांपुढे मी काय बोलणार?”

“पिलांना आई नाही,” मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला. “त्याच्याशिवाय कुणी नाही त्यांना. तो बाप मेला तर काय होईल त्यांचं, ते कळतंय का तुम्हांला?” कुडापलीकडे मामंजी खोकले, तशी मी गप्प झाले. सुनेनं ह्याहून जास्त बोलायची सोय नव्हती, आणि मला त्या रीतीचा मनापासून संताप आला.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना माणसं जमली. काठ्या, कोयते, आणि आमच्या कुळाच्या हातात पेंढ्याची पेटती चूड. हेही काठी घेऊन त्यांच्यात उभे राहिले. मी बाळाला कडेवर घेऊन ताटव्यापाशी. मामंजी बाजेवर, मांडीवर दुर्बीण.

तो खाडीच्या अंगानं आला. पोट टच्च भरलेलं. माणसं दिसताच थांबला. वाट मोकळी होती, वळून गेला असता तर कुणी मागे धावलंही नसतं. तो उभाच राहिला. माणसांकडे पाहिलं, बिळाकडे पाहिलं. मग मान खाली घालून, अंग चोरून, त्या सगळ्या काठ्यांच्या समोरून तो सरळ बिळाकडे चालू लागला. भीती त्याला वाटत होती. त्याचे कान मागे पडले होते, शेपूट पायांत होती. तरी तो येत होता. इतकं धैर्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फारसं नाही.

कूळ चूड घेऊन राबापाशी वाकलं.

“थांब,” मामंजी म्हणाले.

ते उठले, काठी घेऊन अनवाणीच खाचरं ओलांडून गेले आणि राबावर चढून उभे राहिले. पायांखाली काटक्या मोडल्याचा आवाज मला झोपडीपर्यंत ऐकू आला.

“पिसाळलेला नाही तो. पोरांना भरवतोय.”

“मालक, उलटी हाय ती,” कूळ अजिजीनं म्हणालं. “आमचा भाव आसाच गेलाय. तुमाला काय ठावं?”

“मला ठाऊक आहे,” मामंजी म्हणाले. मग त्यांनी हातातली काठी उचलून ह्यांच्याकडे रोखली. “हा मिशीवाला उभा आहे ना, लांडगा मारायला आलेला? ह्याची आई गेली तेव्हा हा त्या बाळाएवढा होता. माळावर तंबूत मी आणि हा. बाई माणूस नाही, शेळीचं दूध ह्याला पचेना. भात चावून, भाकरी चावून मी ह्याला भरवलाय. माझ्या तोंडातलं काढून ह्याच्या तोंडात घातलंय. आत्या आली ती पुढल्या वर्षी. बाप्या माणसानं असलं काही केलं म्हटल्यावर लोक हसतात. म्हणून आत्याचं नाव सांगत आलो.”

कुणी हसलं नाही. हे तर काठी हातात आहे हेच विसरले होते.

बांधावर तेवढ्यात तो बारीक आवाज आला. एवढी माणसं पाहूनही त्यानं पोरांना हाक मारली होती. चौघं बाहेर आली, त्याच्या तोंडाला लागली, त्यानं पाठ आकसली आणि आणलेलं सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. सगळ्या गावानं ते पाहिलं. कुळाची बायको माझ्या शेजारी येऊन उभी होती. “बाय गं,” ती हळू आवाजात म्हणाली, “ही उलटी नाय.”

कुळानं चूड खाचराच्या मातीत खुपसून विझवली. “भरवू द्या त्याला,” म्हणालं आणि काठी खांद्यावर टाकून घराकडे वळलं. बाकीचे त्याच्यामागून गेले.

त्यानंतर आठवडाभरात लांडगा पिलांना घेऊन गेला. एक मोठा माग आणि त्याच्यामागे चार लहान, एकाच ओळीत, मलंगगडाच्या दिशेनं गेलेले मामंजींनी मला दाखवले. घाट चढून ती देशावर पोचली असतील असं मी मानते, आणि कुणी शंका काढली तर मला ते खपत नाही. रिकाम्या बिळापाशी मामंजींचा जोडा सापडला, टाच कुरतडलेला. राब मग पेटवला, आणि त्या वर्षी भातही नेहमीसारखंच आलं.

पण मला सांगायचंय ते चूड विझली त्याच संध्याकाळचं. माणसं गेली, आम्ही झोपडीत आलो. बाळाच्या भुकेला कुठला धीर, त्यानं सूर लावला. मी ताटलीत मऊ भात घेतला, पदर ओढला आणि सवयीनं भिंतीकडे वळले. मामंजी आता उठतील म्हणून वाट पाहिली. ते उठले नाहीत.

“आण इकडे त्याला,” म्हणाले.

त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, ताटलीतला भात तोंडात घातला आणि चावू लागले. दात फारसे उरले नव्हते, त्यामुळे वेळ लागला. बाळ रडायचं थांबलं आणि त्यांच्या ओठांना हात लावू लागलं. समोर हे बसले होते, परके असल्यासारखे, बापाकडे एकटक पाहत. मामंजींनी घास बोटांवर घेतला आणि बाळाच्या तोंडाशी नेला. बाळानं आ केला, आणि त्याच वेळी समोर ह्यांचंही तोंड उघडलं. त्यांना ते कळलंही नव्हतं.

मामंजींनी मान वर करून ते पाहिलं. “तू मीट,” म्हणाले. “तुला दात आलेत आता.”